हिवाळ्यात लेकरू कुणाकडं?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाळणाघराच्या ग्रुपवर मेसेज आला. २४ डिसेंबर ते १ जानेवारी बंद. खाली सांताक्लॉजचं चित्र आणि कुटुंबासोबत सुट्टीचा आनंद घ्या अशी ओळ. आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. बायकोच्या ऑफिसात वर्षअखेरीचं काम तुंबलेलं, तिच्या रजा लेकीच्या ताप-सर्दीत कधीच्या संपलेल्या. माझी सपोर्टची ड्यूटी, कारण अमेरिकेतली टीम नाताळच्या सुट्टीवर जाते आणि त्या काळात सिस्टीम पडली तर उचलायला पुण्यात माणूस लागतो. त्यांची सुट्टी असते तेव्हा आमचा हंगाम असतो.

मी गावी आईला फोन केला. आमचं गाव जामखेड तालुक्यात. दोन म्हशी आणि वडिलांचा गुडघा सोडून तिला नऊ दिवस पुण्याला येणं शक्य नव्हतं. पण तिच्याकडे उपाय तयार होता.

"ताईच्या धाकटीला पाठवू का? शेजारणीचं लेकरू कडंवर घेऊनच असती सारखी. लई नीट सांभाळती."

ताई आणि भाऊजी दिवाळीपासून कारखान्यावर आहेत. त्यांचा मोठा मुलगाही आता फडात जातो. धाकटी अकरा वर्षांची, आईजवळ राहून गावातल्या शाळेत शिकते. पाळणाघराला नऊ दिवस नाताळची सुट्टी असली, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेला एकच दिवस असते.

"आणि तिची शाळा?" मी विचारलं.

"धा दिसानं काय व्हतंय?"

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर पहिली दोन मिनिटं मला हायसं वाटलं. पोरगी गुणी आहे, आमच्या लेकीला तिचा लळा आहे, तिला पुणं बघायला मिळेल, जाताना नवा ड्रेस घेऊन देऊ. हे सगळं मनात जुळवून झाल्यावर आठवलं की असंच एक वाक्य आमच्या घरात १९९७ च्या दिवाळीतही बोललं गेलं होतं. तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो आणि ताई आठ वर्षांची, तिसरीत. आई-वडील बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघाले होते. मला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. चार-पाच महिन्यांनी काय होतंय, असं म्हणून ताईला सोबत नेलं. ती परत आली तेव्हा वर्गात वार्षिक परीक्षेची तयारी सुरू होती. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. चौथीनंतर तिला शाळेत कुणी शोधलं नाही आणि तीही गेली नाही. मी इंजिनीअर झालो.

मग मी हा हंगाम आमच्या घरात आला कुठून ते वाचायला लागलो. आपण लहानपणापासून जे पाहतो ते कायमच तसं होतं असं वाटत राहतं. आमच्याकडे ऊसतोडीबद्दल तसंच बोलतात, पाऊस-पाण्याबद्दल बोलावं तसं. पण या हंगामाला सुरुवात आहे, आणि ती फार जुनीही नाही.

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, नकाशावर एक दिसतो. नगरमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, तो उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे सांगेल. उत्तरेत प्रवरा आणि गोदावरीचे कालवे. दक्षिणेत जामखेड, कर्जत, पाथर्डी. बालाघाटाच्या डोंगररांगांच्या आजूबाजूची हलकी जमीन, बेभरवशाचा पाऊस, आणि विंचरणेसारख्या नद्या, ज्यांना उन्हाळ्यात नदी म्हणायला धीर लागतो. आमच्या तालुक्याला इतिहास म्हणून लोक दोन गोष्टी सांगतात. चोंडी, जिथे १७२५ साली अहिल्याबाई होळकर जन्मल्या. आणि खर्डा, जिथे ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. मला वाटतं तिसरी गोष्ट भंडारदऱ्याची सांगायला हवी, जरी भंडारदरा आमच्यापासून पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असला तरी.

इंग्रजांच्या काळात दख्खनेत एकामागून एक दुष्काळ पडले. १८७६ ते ७८ चा, नंतर १८९६ चा, लगेच १८९९ चा. त्यातून सरकारने धरणं-कालव्यांची कामं काढली. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. कालवे दुष्काळावर इलाज म्हणून काढलेले. पण बारमाही पाणी मिळाल्यावर शेतकरी ज्वारी कशाला लावेल, त्याने ऊस लावला. उसामागून कारखाने आले. आधी बेलापूर कंपनीसारखे खासगी. मग लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत महाराष्ट्राचं राजकारण, शिक्षण, बँका, सगळं या सहकाराच्या भोवती फिरलं. शाळेच्या पुस्तकात हा धडा आम्हीही शिकलो. त्यात शेतकरी होता, सभासद होता, चेअरमन होता. ऊस तोडणारा मात्र आठवत नाही.

ऊस हे घाईचं पीक आहे. तोडल्यावर लवकर गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणजे कारखान्याला चार-सहा महिने रोज, न चुकता, ठरलेला ऊस हवा. तेवढी माणसं कालव्याच्या गावांत नव्हती, आणि जी होती ती या कामाला राजी नव्हती. ती माणसं कोरड्या तालुक्यांत होती. आमच्याकडे खरिपाची सुगी झाली की शिवारात काही उरत नाही आणि नेमका त्याच वेळी कारखान्याचा बॉयलर पेटतो. एका भागाचा रिकामा हिवाळा दुसऱ्या भागाच्या घाईच्या हिवाळ्याला जोडला गेला. १९७२ च्या दुष्काळाने ही जोडणी पक्की केली. बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जामखेड, या सगळ्या पट्ट्यातून घरंच्या घरं निघू लागली.

घरंच्या घरं, यावर मी अडकलो. कारण महाराष्ट्रात पोट भरायला बाहेर पडणं नवं नव्हतं. कोकणातून आणि घाटावरून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जात होते. बायको, लेकरं, म्हातारे गावी, महिन्याला मनीऑर्डर. त्यात विरह होता, हाल होते, पण पाळणा गावातच हलत होता. उसात तसं झालं नाही. उसात मजूर मोजायचं एकक माणूस नाही, कोयता आहे. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकाने बुडातून ऊस तोडायचा, पाचट साळायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत नाहीतर ट्रॉलीत चढवायची. एकट्याला ते पुरत नाही. म्हणून मुकादम पावसाळ्यात जी उचल देतो ती कोयत्यावर, जोडीवर देतो. एकटा आला तर अर्धा कोयता म्हणतात. ज्या कामात बाईला वगळून करार होत नाही, त्या कामात तिचं दूधपितं लेकरू करारात न लिहिता येतंच. आणि ते लेकरू आलं की त्याला धरायला एखादी आठ वर्षांची मुलगीही येते. तिचं नाव मुकादमाच्या वहीत नसतं.

आई या दिवसांबद्दल तक्रारीच्या सुरात बोलत नाही. विचारलं तर एखाद्या रेसिपीसारखं सांगते. पहाटे चारला उठायचं, भाकरी थापून फडक्यात बांधायच्या. कोपीत, म्हणजे बांबू आणि चटईच्या त्या खोपटात, थंडी आत बाहेर सारखीच. फडात पोचलं की आधी पाचट पेटवून शेकोटी, तिथं लेकरं बसवायची. बांधावर बाभळ असली तर साडीची झोळी, नसली तर गाडीखाली गोधडी. दिवस वर आला की ताई मला घेऊन सावली सरकेल तशी सरकायची. गाडी भरली की वडील कारखान्याकडे. तिथं वजनकाट्याला नंबर लागेपर्यंत कधीकधी अख्खी रात्र जायची. आई वाढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन कोपीकडे, वाटेत वाढे विकून आलेल्या पैशात तेल-मीठ. दिवसाला जोडीने दीड-दोन टन ऊस तोडायचा.

"मी आजारी पडलो की?" मी एकदा विचारलं होतं.

"खाडा पडायचा."

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. तो नुसता बिनपगारी नसतो, त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की मुकादम हिशेब करतो आणि बाकी निघाली तर ती पुढच्या वर्षावर फिरते. मग पुढच्या वर्षी जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. लेकराचा ताप असा दोन हिवाळे लांब पोचतो. आई म्हणते, दोन खाडे माझ्या नावावर आहेत. गोवर की काय झाला होता मला. ती हसून सांगते, पण नेमका आकडा तिला अजून पाठ आहे.

आता जामखेडच्या दुसऱ्या इतिहासाकडे येतो, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहते. जामखेड हे नाव जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत शिकवलं जातं हे मला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आमच्यासाठी ते फक्त आरोळ्यांचं हॉस्पिटल होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं जोडपं. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काम केलं. तिथे त्यांना दिसलं की बरं करून घरी पाठवलेलं लेकरू त्याच आजाराने पुन्हा येतं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. त्या सुमारास या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. सहामागे एकाहून जास्त.

आरोळ्यांना आरोग्य द्यायचं होतं, गावं मागत होती पाणी आणि अन्न. त्यांनी ऐकलं. ७२ च्या दुष्काळात विहिरी, हातपंप, कामाच्या बदल्यात धान्य. हातपंप दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाणी हवं तर सगळ्यांनी तिथं यायचं. शिकलेल्या नर्स गावात मुक्कामाला राहीनात, तेव्हा गावातल्याच बायकांना तयार केलं. बहुतेक जणी निरक्षर, बऱ्याच जणी दलित, काही टाकलेल्या. आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, गावी जाऊन सांगायचं. जुलाब होणाऱ्या लेकराचं पाणी तोडू नका, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजा. बाळंतीण उपाशी ठेवू नका. नाळ स्वच्छ पात्याने कापा. १९७६ पर्यंत त्यांच्या गावांतला १७६ चा आकडा पन्नासच्या आसपास आला, आणि नव्वदच्या दशकात वीस-पंचविसाच्या घरात. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. १९८८ साली यातल्याच मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना झुंबरांशी केली, सुंदर पण महाग आणि दूर. स्वतःची तुलना केली साध्या दिव्याशी, जो एकावरून दुसरा लावता येतो. पुढे २००५ मध्ये देशभर आशा ताई नेमल्या गेल्या तेव्हा त्यामागे जामखेडसारख्या अनुभवांचं बळ होतं.

माझी आजी या बायांना ओळखत होती. तिची पाचातली दोन गेली, ती आरोळे यायच्या आधीची. आईची एकही गेली नाही. एवढा फरक एका पिढीत पडला, आणि मी असण्याचं ते एक साधं कारण आहे.

पण तारखा शेजारी ठेवून बघा. ज्या दशकात या गावांतली लेकरं जगायला लागली, त्याच दशकात ती हिवाळ्यात गावाबाहेर जायला लागली. दिवा गावात लागला आणि लेकरू शंभर-दीडशे किलोमीटरवर एका खोपटात. गावातली बाई वजन करते, लस आठवते, कुणाचं लेकरू वाळतंय हे ओळखते, कारण ती रोज बघते. तिची सगळी ताकद शेजारीण असण्यात आहे, आणि शेजारीण ट्रकात भरून नेता येत नाही.

सरकारी योजनांचंही असंच. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातून गावोगाव अंगणवाड्या आल्या. शून्य ते सहा वयाच्या लेकरासाठी खाऊ, लस, शाळेची तयारी. चांगली योजना आहे. पण माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या सगळ्या सिस्टीमची प्रायमरी की पत्ता आहे. पत्त्यावर लेकरू सापडलं नाही तर नोंद रिकामी. अलीकडे महाराष्ट्राच्या महिला-बालविकास खात्याने स्थलांतरित मातांचा आणि बालकांचा माग ठेवणारी संगणकप्रणाली आणली. कुणीतरी प्रश्न बरोबर ओळखला म्हणून मला खरंच आनंद झाला. मात्र लेकरू कुठल्या तालुक्यात आहे हे कळणं वेगळं आणि पहाटे पाचला ते कुणाच्या कडेवर आहे हे वेगळं.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे, फक्त दुसऱ्यांसाठी. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराचं कलम होतं. तीसहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी खोली लागायची. साखर कारखाना हा कारखानाच आहे. पण ऊस तोडणारी बाई त्याच्या भिंतीच्या आत काम करत नाही, त्याच्या मस्टरवर नसते. ती मुकादमाची, मुकादम कंत्राटदाराचा, आणि कारखाना म्हणणार आमचा त्यांच्याशी संबंध वाहतुकीपुरता. शेतकरी म्हणणार ऊस माझा, तोडणी कारखान्याची. हंगामी टोळ्यांत महाराष्ट्रभर किती माणसं आहेत तेही कुणी आठ लाख म्हणतं, कुणी पंधरा. माझ्या कंपनीला मात्र २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीपासून, पन्नासवर कर्मचारी म्हणून, पाळणाघराची सोय द्यावी लागते. आमचं पाळणाघर त्याच सोयीतलं, अर्धी फी कंपनी भरते. ते नऊ दिवस बंद राहिल्याचा मला राग आला होता. बायकांचं मस्टरच नसलेल्या कामात ते ७५ वर्षं उघडलंच नाही, याचा राग कुणी धरावा हे ठरलेलं नाही.

शाळेसाठी प्रयत्न झाले, ते नाकारून चालणार नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने त्या बऱ्याच ठिकाणी चालवल्या. कल्पना तशी आपल्याकडे जुनीच होती. ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना लेकरं अंगणवाडीत येत नाहीत तर अंगणवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. लेकरू जिथे, तिथे शाळा. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि धोरण फिरलं: वेगळी शाळा नको, लेकराने एक तर जवळच्या नेहमीच्या शाळेत जावं किंवा गावी हंगामी वसतिगृहात राहावं. कागदावर हे जास्त न्याय्य आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, तिच्या पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत आमच्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड होते.

पण या सगळ्याची सुरुवात सहा वर्षांनंतर होते. शिक्षणहक्क सहा ते चौदा. वसतिगृह शाळेच्या मुलांचं. अंगणवाडी पत्त्यावरची. दीड वर्षाचं लेकरू कोपीवरच जाणार, आणि ते गेलं की त्याची आठ-दहा वर्षांची बहीण सगळ्या योजनांतून अलगद बाहेर पडते. मोठ्या मुलींना शाळेत आणायचं असेल तर आधी लहानग्याला कुणीतरी धरायला हवं. बांधकामावरच्या बायकांसाठी हे कुणीतरी ओळखलं होतं. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी साइटवरच पाळणाघर सुरू केलं, मोबाईल क्रेशेस नावाने, आणि पुण्यातल्या साइट्सवरही तसं काम उभं राहिलं. बांधकाम निदान वर्ष-दोन वर्षं एका जागी असतं. ऊसतोडीचा फड रोज सरकतो. कोप्या मात्र हंगामभर त्याच राहतात, म्हणून जमणार नाही असं मला वाटत नाही. महाग आहे, एवढंच. कापलेल्या उसाच्या रानात आता बिबट्या फिरतो, कोपीबाहेर खेळणाऱ्या लेकरांवर हल्ले होतात. तरी खर्चाच्या यादीत हे वर येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये संपाच्या इशाऱ्यांनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ताईला त्यातून खरंच फरक पडला. दराची भांडणं आमच्याकडे बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यापासून होत आलीत, आणि ती व्हायलाच हवीत. पाळण्यासाठी कोयता बंद झाल्याचं मला तरी आठवत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर मुकादम असतात, पुढारी असतात, साखर संघ असतो. मोळी उचलणारी बाई तिथं बसली असती तर यादी वेगळी झाली असती, असं माझं मत आहे.

आता आमच्याच तालुक्यात, हाळगावला, साखर कारखाना उभा आहे. मला लहानपणी वाटायचं, कारखाना इथं आला की कुणाला जायला नको. पण उचल ज्या मुकादमाची, त्याच्या कारखान्यावर जावं लागतं. ताई दोनशे किलोमीटरवर जाते आणि हाळगावच्या रस्त्यावर दुसऱ्याच तालुक्यातल्या टोळ्या दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, भाचीला पाठवू नको.

"का? बायकूला आवडायचं न्हाई का?"

"तिची शाळा बुडंल."

आई गप्प झाली. तिला ते लागलं, हे मला फोनवरही कळलं. तिला वाटलं मी १९९७ चा हिशेब काढतोय. थोडा काढतही होतो. पण ताईला शाळेत ठेवायचं म्हटलं असतं तर मला कुठं ठेवलं असतं, हे मी तिला विचारू शकत नाही. आजी तेव्हा अंथरुणाला होती. उचल घेऊन झालेली होती. त्या घरातल्या एकाही माणसाकडे दुसरा पर्याय नव्हता, आणि माझ्याकडे निदान तीन होते, त्यातला एकही आवडता नसला तरी.

शेवटी मॅनेजरशी बोलून मी दोन दिवस रजा काढली आणि बाकीच्या दिवसांची ड्यूटी रात्रीची करून घेतली. अमेरिकेत तेव्हा दिवसच असतो. दिवसा मी आणि लेक, संध्याकाळी बायको आली की मी लॅपटॉपसमोर. नऊ दिवसांत लेकीने रिमोट दोनदा बादलीत टाकला, आणि एकदा माझ्या मीटिंगमध्ये येऊन अटलांटाच्या एका माणसाला भाकरीचा तुकडा दाखवला. त्याच्या मागे ख्रिसमस ट्री होतं आणि त्याच्याही मांडीवर एक पोरगं होतं.

२८ तारखेला रात्री ताईचा फोन आला. फडाजवळ रेंज नसते, कोपीवर आल्यावर चढाला जाऊन लावते. आईने तिला सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ती रागावेल, आमच्या पोरीला पुण्याला न्यायला लाजतोस का म्हणून. ती त्याबद्दल काहीच बोलली नाही. धाकटीची सहामाही कशी गेली ते सांगितलं, गणितात कच्ची आहे म्हणाली, तू फोनवर घेत जा तिची शिकवणी. मग मी धीर करून विचारलं, तुला ते दिवस आठवतात का, मला घेऊन फिरायचीस ते.

"आठवतंय की. लई जड व्हतास तू."

थोडा वेळ दोघं हसलो. मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं, टोळीतल्या कुणाचं असेल.

"मग आता घरी बसलास लेकरापाशी, तर खाडं किती पडलं तुझं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, खाडा नाही पडत, रजा असते.

"पगारी?"

"पगारी."

"बरंय," ती म्हणाली, आणि उद्या लवकर उठायचंय म्हणून फोन ठेवला.